पोटखराब्यातला मुक्काम

मागच्या अंकात एका उत्तराच्या ओघात मी कॅनडातल्या ग्रासलँड्स राष्ट्रीय उद्यानात काढलेल्या तीन रात्रींचा ओझरता उल्लेख केला होता. त्यावर बरीच पत्रं आली. त्यातली चार इथे घेते आहे. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली आहे, कारण त्या ताईंना लवकरच निघायचं आहे.

प्रश्न : बाई, माझं वय 61. राजापूर तालुक्यातल्या एका वाडीत राहते. मुलगी-जावई कॅनडात रेजायना शहरात असतात. येत्या ऑगस्टमध्ये मी पहिल्यांदाच तिकडे जाते आहे. मुलीनं ग्रासलँड्स उद्यानाच्या पूर्व भागात, रॉक क्रीक कॅम्पग्राउंडवर तीन रात्री ठरवल्या आहेत. तिनं फोटो पाठवले. झाड म्हणून नाही, नुसतं वाळलं गवत आणि उघडेबोडके डोंगर. सडा, म्हणजे आमचा कातळाचा उघडा माळ, तर माझ्या दारातच आहे, तो बघायला एवढ्या लांब कशाला जायचं? त्यात माझा गुडघा धरतो, रात्री दोनदा उठावं लागतं, आणि सापांची, त्या बायसन नावाच्या जनावरांची भीती वाटते. तिला नाही म्हणू का?

उत्तर : ताई, नाही म्हणू नका. तुमचं पत्र वाचून मला माझाच 2018 सालचा ऑगस्ट आठवला. भाच्यानं असेच फोटो पाठवले होते आणि मीही त्याला विचारलं होतं की, अरे, यात बघायचं काय? तेव्हा मी भूगोल शिकवून निवृत्त झाले होते, प्रेअरी म्हणजे समशीतोष्ण गवताळ प्रदेश ही व्याख्या हजार वेळा फळ्यावर लिहून झाली होती, तरीही.

आधी तुमच्या भीतीचं बघू. बायसन उद्यानाच्या फक्त पश्चिम भागात आहेत. तुमचा मुक्काम पूर्वेला, त्यामुळे तंबूबाहेर बायसन उभा असण्याचा प्रश्नच नाही. एखाद्या दिवशी मुलगी पश्चिमेला घेऊन गेली, आणि तिनं न्यावंच, तर गाडीतून बघा. पायी असाल तर 100 मीटर अंतर ठेवायचं, हा तिथला नियम आहे. आपल्याकडे रस्त्यात गवा उभा दिसला की आपण गाडी थांबवतो, दिवे-भोंगा काही न करता तो जाईपर्यंत गप्प बसतो, तसंच. दिसायला संथ, पण उसळला तर माणसाला पळून सुटता येत नाही.

सापाचं म्हणाल तर तुम्ही फुरशांच्या मुलखातल्या. तुम्हाला कुणी नवं शिकवायची गरज नाही. तिथे पश्चिमेच्या खोऱ्यात रॅटलस्नेक असतो. आपलं फुरसं अंगाचे खवले एकमेकांवर घासून करकर आवाज करतं, तो शेपटीचा खुळखुळा वाजवतो. दोघेही बहुधा आधी सांगतात. अंधारात बॅटरीशिवाय पाऊल टाकायचं नाही, हात दिसत नाही तिथे घालायचा नाही, घोट्यापर्यंतचे बूट घालायचे. पूर्वेकडेही हेच पाळा. चप्पल मात्र अजिबात नको, आणि त्याचं कारण साप नाही. तिथे जमिनीसरशी पसरलेलं निवडुंग आहे, आपल्या फड्या निवडुंगाचंच भावंड, जेमतेम घोट्याएवढं. गवतात दिसत नाही आणि त्याचा काटा कापडी चपलेच्या तळातून सरळ वर येतो.

आता झोपण्याचं. मुलीला विचारा की तिनं साधा तंबू घेतला आहे की ओटेंटिक. कॅनडाच्या राष्ट्रीय उद्यानांमध्ये ओटेंटिक नावाचा एक प्रकार असतो. लाकडी जमीन, लाकडी सांगाडा, वर जाड कापड, आत जमिनीपासून उंच गादीची बाकं. आपल्या शेतातल्या मांगरासारखं काहीतरी समजा. गुडघा दुखत असेल तर तोच मिळतो का बघायला सांगा, तो संपलेला असेल तर तंबूत घडीची खाट ठेवता येते. जमिनीवरून उठताना गुडघ्याची जी परीक्षा होते, ती आपल्या वयात पहाटे तीन वाजता नको. शौचालय थोडं चालून जावं लागतं. बसायला आसन असतं, पण पाण्याचा फ्लश नसतो, खाली खड्डा. पाण्याची बाटली स्वतःची न्या. आणि तंबू त्या वाटेच्या जवळ, पण वाऱ्याच्या वरच्या बाजूला मागा. हे सांगायला मुलगी लाजेल, म्हणून मी सांगते.

रात्री गारठतं. दुपारी पारा 30 च्या पुढे आणि पहाटे 10 अंशांच्या आसपास किंवा खालीही, असा तिथला ऑगस्ट. समुद्र जवळ नाही, त्यामुळे उष्णता धरून ठेवणारं काही नाही. आपल्या कोकणात दिवस-रात्रीत इतका फरक सहसा पडत नाही, म्हणून आपल्याला तो खरा वाटत नाही. कानटोपी, लोकरीचे मोजे आणि एक घोंगडी घ्या. मी गोधडी नेली होती आणि भाच्याच्या महागड्या झोपपिशवीपेक्षा मला ती जास्त आवडली.

वारा हा तिथला खरा यजमान आहे. तो सतत असतो. तंबूचं तोंड वाऱ्याच्या उलट बाजूला हवं, खुंट्या लांब हव्यात आणि दिवसा फिरायला जाताना तंबू रिकामा सोडायचा नाही, आत चार जड वस्तू ठेवायच्या. पहिल्या दुपारी आम्ही हे केलं नाही. परत आलो तेव्हा शेजारच्या जागेवरचे एक वयस्क गृहस्थ आमच्या तंबूचा एक कोपरा पायाखाली दाबून, हातात पुस्तक घेऊन उभे होते. किती वेळ, ते त्यांनी सांगितलं नाही.

पाऊस आला तर गाडी हलवू नका. तिथली चिकणमाती ओली झाली की साबणासारखी होते आणि चाकाला थर चढत जातात. तिथले लोक तिला गंबो म्हणतात. आपला जांभ्याचा सडा पाणी पिऊन टाकतो किंवा वाहून लावतो, पायाखाली खरखरीत राहतो. ही माती तशी नाही. आम्ही दुसऱ्या दिवशी अर्धा दिवस बसून राहिलो आणि उन्हानं रस्ता सुकल्यावरच निघालो. तो अर्धा दिवस माझ्या त्या प्रवासातला सगळ्यात चांगला ठरला, म्हणून आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येते.

तुम्ही म्हणता, सडा दारात आहे. ताई, म्हणूनच तुम्हाला तिथे जे दिसेल ते पुण्या-मुंबईच्या माणसाला दिसणार नाही. त्या अर्ध्या दिवसात मी खुर्ची टाकून एकाच जागी बसले. पहिला तास काहीच दिसलं नाही. मग पायाजवळचं गवत एकसारखं नाही हे लक्षात आलं. एका जातीचा तुरा काडीला आडवा लागतो, अगदी भुवईसारखा. त्याला ब्लू ग्रामा म्हणतात. दुसऱ्याचं बी म्हणजे सुईत ओवलेला दोरा, आणि ते आपल्या कुसळासारखंच कापडात घुसतं, पुढे जातं, मागे येत नाही. माझ्या सलवारीच्या काठाला चिकटलेली कुसळं काढत बसले आणि मला दिवाळीनंतर सड्यावरून गवताचे भारे आणणारी माझी आई आठवली. रात्री चुलीपुढे बसून ती लुगड्यातली कुसळं वेचायची.

मग वास आला. राखाडी-रुपेरी पानांचं एक खुरटं झुडूप तिथे जागोजाग आहे, सेजब्रश. त्याचं पान चोळून नाकाला लावा. दवणा! मी मोठ्यानं म्हणाले. दोन्ही आर्टेमिसिया या एकाच वंशातली, हे मला नंतर कळलं; नाकाला आधी कळलं होतं. देवाला वाहतो तो दवणा, अर्ध्या पृथ्वीपलीकडे, ओसाड म्हणवणाऱ्या माळावर.

पश्चिमेच्या भागात माळावर मधूनच एखादा मोठा धोंडा दिसतो. हिमयुगातल्या बर्फानं तो उत्तरेकडून वाहून आणून टाकलेला. त्याच्या कडा पुरुषभर उंचीपर्यंत गुळगुळीत झालेल्या असतात आणि भोवती जमीन खोलगट. बायसनांनी अंग घासून घासून केलेलं ते काम. आमच्या गोठ्यातली मेढ म्हशींनी अशीच झिजवली होती. त्या धोंड्यावर हात ठेवलात तर एक गोष्ट मनात ठेवा. एके काळी या खंडावर बायसन कोट्यवधी होते आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंदुकांनी त्यांना काही शेकड्यांवर आणलं. इथून ते पुरते नाहीसे झाले होते. 2005 च्या डिसेंबरात कॅनडातल्याच एल्क आयलंड उद्यानातून 71 जनावरं आणली, तेव्हा सव्वाशे वर्षांच्या आसपास खंड पडल्यावर तो धोंडा पुन्हा वापरात आला.

गवतात दगडांची वर्तुळंही दिसतील. मूळ रहिवाशांच्या टिपी तंबूंच्या कातड्याची कड वाऱ्यानं उडू नये म्हणून दाबलेले ते दगड. तंबू गेले, माणसं हुसकावली गेली, दगड तिथेच. वर्तुळात पाऊल टाकू नका, दगड हलवू नका. तुमच्या तालुक्यातल्या कातळशिल्पांवर कुणी चपला घालून फिरलं तर तुम्हाला काय वाटेल, तसं.

एक काम मात्र नक्की करा. निघण्याआधी एका निरभ्र रात्री सड्यावर जा आणि ध्रुव किती उंच आहे ते बघून ठेवा. आपल्याकडे तो क्षितिजापासून 16-17 अंशांवर असतो, हात लांब करून धरलेल्या दोन मुठींपेक्षाही खाली. तिथे तो 49 अंशांवर, आभाळाच्या निम्म्याहून वर. सप्तर्षी तिथे मावळतच नाहीत, रात्रभर ध्रुवाभोवती फिरतात. आणि आपला भरदार वृश्चिक दक्षिणेला जमिनीला टेकलेला असतो. 2009 पासून हे उद्यान संरक्षित काळोखाचं क्षेत्र आहे, म्हणजे दिवे मुद्दाम कमी ठेवलेले. ऑगस्टच्या 12-13 तारखांच्या आसपास गेलात तर उल्कावर्षाव मिळेल. ज्या दोन वेळा तुम्हाला उठावंच लागतं, त्या वेळी वर बघा. मला तर तेव्हापासून उठण्याचा त्रास वाटला नाही.

प्रश्न : आम्ही दापोलीचे पती-पत्नी, दोघंही शाकाहारी. मुलाकडे जाणार आहोत. कॅम्पवर वरण-भात शिजवता येतो का? इथून काय न्यावं?

उत्तर : शिजवता येतो. छोटी गॅसची शेगडी तिथेच विकत घ्या. तिचा डबा विमानात नेता येत नाही. लाकडाचा जाळ ठरवून दिलेल्या जागीच करायचा, आणि गवत फार वाळलं की तोही पूर्ण बंद करतात. मार्च-एप्रिलमध्ये आपल्या सड्यावर वणवा कसा धावतो ते तुम्ही पाहिलं आहे. तिथे वारा त्याहून जोराचा. बंदी असेल तर कुरकुर करू नका, शेगडीवर भागवा.

इथून कुळथाचं पीठ न्या. उकळत्या पाण्यात लसूण, आमसूल, मीठ आणि पीठ, दहा मिनिटांत पिठी तयार. वाऱ्यात थंडी वाजत असताना कपातून प्यायलेल्या त्या पिठीची चव मला आजही आठवते. मेतकूट, भाजलेले पोहे, सुक्या खोबऱ्याची चटणी, बस. कॅनडात उतरताना खाण्याच्या सगळ्या वस्तू न लपवता लिहून द्या. ताजी फळं, आंबे, दुधाचे पदार्थ नेऊच नका. रात्री अन्न तंबूत ठेवायचं नाही, गाडीत बंद करायचं. खरकटं पाणी गवतात ओतायचं नाही. आपल्याकडे परसात ओततो ते केळीला जातं. तिथे त्याच्या वासानं जनावर येतं, आणि माणसाच्या अन्नाला चटावलेलं जनावर पुढे जगत नाही. म्हणूनच प्रेअरी डॉग नावाचे ते बिळातले गोंडस प्राणी दोन पायांवर उभे राहून भुंकायला लागले तरी त्यांना दाणा टाकू नका. कॅनडात ते रानात फक्त ग्रासलँड्सच्या पश्चिमेकडच्या खोऱ्याच्या परिसरात उरले आहेत.

प्रश्न : मी आठवीत शिकते. मालवणला राहते. तुम्ही बॅडलँड्स असा शब्द लिहिला होता. बॅडलँड्स म्हणजे वाईट जमीन का? ती वाईट कशी झाली?

उत्तर : बाळ, तुझा प्रश्न सगळ्यात आवडला.

हो, शब्दाचा अर्थ तोच. अमेरिकेतल्या दक्षिण डाकोटा राज्यात असाच मोठा प्रदेश आहे, त्याला तिथले मूळ रहिवासी लाकोटा लोक माको सिचा म्हणत, म्हणजे वाईट जमीन. फ्रेंच व्यापाऱ्यांनीही ओलांडायला वाईट जमीन असंच नाव दिलं. मग अशा सगळ्याच प्रदेशांना भूगोलात बॅडलँड्स म्हणायला लागले. तुझ्या आजोबांकडचा सातबारा बघ. त्यावर पोटखराबा असा एक रकाना असेल. जिथे नांगर चालत नाही, त्या जमिनीचं सरकारी नाव ते. आपला बराचसा कातळ त्या रकान्यात बसतो. म्हणजे ज्याला ओलांडायचं होतं त्यानं ती वाईट ठरवली, ज्याला सारा गोळा करायचा होता त्यानं खराब ठरवली. जमिनीला स्वतःला काही झालेलं नाही.

ती तशी दिसते त्याचं कारण पाणी. मऊ गाळाचे थर एकावर एक साचले, पुढे पाण्यानं ते कापत नेले. झाडांची मुळं धरून ठेवायला नाहीत, पाऊस थोडा पण धो-धो, त्यामुळे उतारांवर घळी पडतात. पावसाळ्यात वाळूच्या ढिगावर पागोळ्या पडल्यावर कसे सुळके आणि नाले होतात? तेच, डोंगराएवढं. ग्रासलँड्सच्या पूर्व भागात अशा एका खोऱ्याला हजार सैतानांचं खोरं असं नाव आहे. नावातले सैतान मला भेटले नाहीत. संध्याकाळी तिरपं ऊन पडलं की राखाडी, पिवळट आणि तांबूस पट्टे वेगळे दिसायला लागतात, तेवढंच.

त्या पट्ट्यांत एक बारीकशी रेघ आहे, आणि ती मी तुला मुद्दाम सांगते. 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी मेक्सिकोच्या किनाऱ्यावर एक प्रचंड अशनी कोसळला. त्याची धूळ जगभर बसली. त्या रेघेच्या खालच्या थरांत डायनोसॉर आहेत, वरच्या थरांत नाहीत. 1874 मध्ये जॉर्ज मर्सर डॉसन हा भूशास्त्रज्ञ कॅनडा-अमेरिका सीमेची मोजणी करणाऱ्या तुकडीबरोबर इथे आला होता. त्याला याच भागात डायनोसॉरची हाडं सापडली. पश्चिम कॅनडातली ती पहिली नोंद.

आता तुझ्या पायाखाली बघ. ती रेघ तिकडे बसत होती, त्याच काळात आपल्याकडे जमिनीच्या भेगांतून लाव्हा बाहेर पडत होता, थरावर थर. सह्याद्री त्याचाच. आणि कोकणातला बराचसा जांभा म्हणजे तोच काळा दगड हजारो-लाखो पावसाळे खाऊन तांबडा आणि भोकाभोकांचा झालेला. तू मालवणहून राजापूरकडे गेलीस तर एखाद्या चिरेखाणीपाशी थांब. वर जांभा, खाली जरा मऊ पिवळी-पांढरी माती, आणखी खाली काळा दगड, असा छेद दिसला तर वहीत काढ. त्या रेघेपुढे उभी असताना मला माझ्या गावची चिरेखाण दिसत होती. एकाच गोष्टीची दोन पानं, एक तिकडे ठेवलेलं, एक आपल्याकडे.

तिथे जीवाश्म उचलायला सक्त मनाई आहे. दिसला तर जागा टिपून उद्यानाच्या लोकांना सांगायचं. तू आपल्याकडेही तसंच कर.

प्रश्न : देवगडजवळ आमचा वडिलोपार्जित सडा आहे, समुद्र दिसतो. आंबा तिथे लागत नाही. तुमचा उल्लेख वाचून वाटलं की तिथे तंबूंचा कॅम्प काढावा. पन्नास तंबू, रात्री रोषणाई, गाड्या थेट तंबूपर्यंत. तुमचं मत काय?

उत्तर : कॅम्प काढावा असं मला वाटतं. पण तुम्ही लिहिला आहे तसा नको, आणि हे मी तुमच्या पोटापाण्याचा विचार करूनच म्हणते आहे.

रॉक क्रीकची जागा हंगामी आहे. साधारण मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत सगळ्या सोयी चालू, मग बर्फाआधी आवरून घेतात. जमिनीला सहा-सात महिने कुणी त्रास देत नाही. आपल्याकडे बर्फ नाही, पाऊस आहे. जून ते सप्टेंबर सडा बंद ठेवा. याच महिन्यांत कातळावरच्या बोटभर मातीत वर्षभराचं सगळं जगणं उरकलं जातं. सीतेची आसवं, गेंद, दिपकाडी ही फुलझाडं तेव्हाच उगवतात, फुलतात आणि बी टाकतात. दिपकाडीची आपल्या कोकणातली जात तर जगात दुसरीकडे कुठेच नाही. गाडीचं एक चाक त्या मातीवरून गेलं की पाणी साचण्याची जागाच बदलते. सोनं पिकवणारी बाग कुणी पावसात तुडवू देत नाही, मग हा सडा का?

दिवाळीनंतर उघडा, मार्चपर्यंत चालवा. एप्रिल-मेत कातळ तापतो, पाणी आटतं आणि वणव्याची भीती असते. चार-साडेचार महिन्यांचा धंदा पुरत नाही असं तुम्ही म्हणाल. पण आठ-दहा तंबू असतील तर खर्चही तेवढाच. तंबूंच्या जागा ठरवून टाका, त्याच त्याच वापरा. सिमेंटचा एकही चौथरा नको. गाड्या रस्त्यालाच थांबवा, सामान न्यायला गावातली दोन माणसं ठेवा. तेवढाच त्यांनाही रोजगार. शौचालयाचा खड्डा विहिरीपासून आणि उतारावरच्या झऱ्यापासून लांब. जांभ्याच्या भोकांतून पाणी सरळ खालच्या वाडीत उतरतं, आणि वाडीला ते पाणी प्यायचं असतं. ग्रामपंचायत आणि तहसील कचेरीतून काय परवानग्या लागतात, ते तंबू विकत घेण्याआधी विचारा.

रोषणाई मात्र अजिबात नको. याबाबत मी हट्टी आहे. तुमच्या सड्यावरचा काळोख हेच तुमचं भांडवल आहे. शहरातल्या मुलानं आकाशगंगा पाहिलेली नसते. त्याला दिव्यांच्या माळा घरीही आहेत. जमिनीलगतचे, खाली तोंड केलेले मंद तांबडे दिवे वाटेला पुरतात. ध्वनिक्षेपक नको, हेही त्यातच आलं.

आणि पहिला खड्डा खणण्याआधी सगळा सडा पायी फिरा. सकाळी किंवा संध्याकाळी, ऊन तिरपं असताना, कारण दुपारी कातळात कोरलेल्या जुन्या चित्रांच्या रेघा दिसत नाहीत. उन्हाळ्यात गवत नसतं तेव्हा फिरलात तर उत्तम. राजापूर तालुक्यातल्या कशेळीचा तो 18 मीटर लांबीचा हत्ती, पोटात कितीतरी प्राणी कोरलेला, असाच एका सड्यावर पडून होता. 2022 मध्ये कोकणातल्या अशा नऊ जागा युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेल्या. त्यात सिंधुदुर्गातली कुडोपीही आहे, म्हणजे तुमच्या जिल्ह्यातली. तुमच्या कातळावर एखादी आकृती निघाली तर तंबू तिच्यापासून दूर हलवा, तिच्याभोवती जांभ्याचे सुटे दगड रचा आणि पुरातत्त्व खात्याला पत्र लिहा. लपवू नका, आणि रंगही भरू नका.

वाटेत एखादी टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालायला लागली, तर तिथल्या तिथे थांबा आणि आल्या पावली मागे फिरा. ती उघड्या जमिनीवरच अंडी घालते आणि ती अंडी हुबेहूब खड्यांसारखी दिसतात. तेवढा तुकडा नकाशावर खूण करून तंबूंमधून वगळा.